कपाशी ते कुर्ता: खान्देशात शाश्वत कपड्यांचं काम कसं उभं करावं

आधी एका साध्या सुती कुर्त्याचा हिशेब मांडू. कापड अडीच मीटर, पन्हा ४४ इंच, जाडी १२० जीएसएम (चौरस मीटरला १२० ग्रॅम) धरली तर कापडाचं वजन भरतं साधारण ३३५ ग्रॅम. कातताना आणि विणताना जी घट येते ती धरली, तर त्यासाठी चारशे ग्रॅम रुई लागते. कपाशीत रुईचा उतारा ३३ ते ३५ टक्के, बाकी सरकी. म्हणजे एका कुर्त्यामागे शेतातला सुमारे १ किलो २०० ग्रॅम कापूस. २०२५-२६ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये होता. त्या भावानेही शेतकऱ्याच्या पदरात या कुर्त्यामागे शंभराच्या आत रुपये पडतात. बाजारात भाव पडलेला असेल तर त्याहून कमी.

जळगाव, धुळे, नंदुरबार हे तिन्ही जिल्हे कापसाचे. जामनेर, बोदवड, धरणगाव, पारोळा या पट्ट्यात जिनिंग (सरकी काढून रुई वेगळी करणारे कारखाने) चालतात, १७० किलोच्या गाठी बांधल्या जातात आणि बाहेर जातात. परत येतं काय, तर सुरतची पॉलिएस्टर साडी आणि 'कॉटन' म्हणून विकला जाणारा रेयॉनचा कुर्ता. ज्या बाईने दिवसभर वाकून कापूस वेचला, तिच्याच अंगावर एप्रिलच्या ४४ अंशांत प्लास्टिकचा धागा असतो. शाश्वत फॅशन हा मुंबई-पुण्याच्या प्रदर्शनांपुरता विषय आहे असं ज्यांना वाटतं, त्यांनी एवढं चित्र नीट बघावं. कापूस, जिनिंग, सूतगिरणी, माग, शिंपी आणि जुने कपडे गोळा करणारी बोहारीण, साखळीतल्या या सगळ्या कड्या आपल्याकडे चार-पाच तासांच्या अंतरात आहेत. त्या एकमेकींना जोडलेल्या नाहीत, एवढंच.

हा लेख त्या जोडणीसाठी आहे. बचत गट, गावातला शिंपी, लहान कापड दुकानदार, घरून बुटीक चालवणारी ताई, यांपैकी कुणीही इथून सुरुवात करू शकतं. लाखोंचं भांडवल लागत नाही. पण क्रम चुकवू नका. बहुतेक जण ब्रँडचं नाव आणि लोगोपासून सुरू करतात आणि कापड कशाचं आहे हे शेवटपर्यंत त्यांना माहीत नसतं.

पायरी १: हातातलं कापड ओळखायला शिका

गिऱ्हाईक विचारतं, "सुती शे ना भाऊ?" आणि दुकानदार होकार देतो, कारण त्यालाही ठोक व्यापाऱ्याने तसंच सांगितलेलं असतं. ही साखळी तोडायला काडेपेटी, चिमटा आणि वाटीभर पाणी पुरतं.

कापडाच्या कडेचा उभा धागा आणि आडवा धागा वेगवेगळा काढा. हे महत्त्वाचं. पुष्कळ कापडांत ताणा (उभा धागा) सुती असतो आणि बाणा (आडवा धागा) पॉलिएस्टरचा, आणि सगळा तुकडा एकदम जाळला की फसगत होते. चिमट्यात धागा धरून, खाली पाण्याची वाटी ठेवून, पंखा बंद करून पेटवा. सुती धागा झटकन पेटतो, जळत्या कागदाचा वास येतो, मागे राखाडी रंगाची मऊ राख उरते आणि ती बोटांत चुरडली जाते. पॉलिएस्टर ज्योतीपासून आधी आक्रसतं, मग वितळतं, काळपट धूर सोडतं आणि टोकाला टणक काळा मणी उरतो. तो मणी बोटाने चुरडत नाही, आणि गरम असताना हात लावला तर चटका बसतो. राखही आहे आणि मणीही आहे, तर मिश्र सूत समजा. बाजारात त्यालाच टेरिकॉट किंवा पीसी म्हणतात. केस जळल्यासारखा वास आला तर लोकर किंवा रेशीम.

ही परीक्षा एका ठिकाणी थांबते, ती म्हणजे रेयॉन. तेही लाकडाच्या लगद्यापासून बनतं, त्यामुळे अगदी सुतासारखंच जळतं. त्यासाठी दुसरी युक्ती आहे. एक धागा कोरडा ओढून तोडा, मग तसाच दुसरा धागा ओला करून तोडा. सूत ओलं झालं की अधिक घट्ट होतं, तुटायला जास्त जोर लागतो. रेयॉन ओलं झालं की कमजोर होतं आणि चटकन तुटतं. रेयॉनचा कुर्ता दगडावर आपटून धुतला की काही महिन्यांत विरतो, त्याचं कारण हेच.

पॉलिएस्टर मुळातच टाकाऊ आहे असं माझं म्हणणं नाही. शाळेचं दप्तर, पावसाळी जाकीट, छत्री यांना ते योग्यच आहे. पण ते पेट्रोलियमपासून बनतं, दर धुण्यात त्याचे सूक्ष्म तंतू पाण्यात जातात आणि ते कुजत नाहीत. अंगालगतच्या, रोज धुवायच्या कपड्यासाठी आपल्या हवामानात ते चालू नये. आणि विकायचंच असेल तर पॉलिएस्टर म्हणून विका.

दुकानात आत्ता जो माल आहे त्याची या रीतीने नोंद करा: शुद्ध सुती, मिश्र, रेयॉन, पॉलिएस्टर. वहीचं एक पान पुरेल. पुढच्या सगळ्या निर्णयांचा पाया हे पान आहे.

पायरी २: एकच कपडा निवडा

साडी, कुर्ता, शर्ट, झबलं, पिशवी असं सगळं एकदम नको. पहिल्या वर्षी एकच. माझी पसंती बिनअस्तराच्या सुती कुर्त्याला किंवा लहान मुलांच्या झबल्याला आहे. दोन्हींना कापड कमी लागतं, मापांचे प्रकार मर्यादित आहेत आणि उन्हाळ्यात मागणी हमखास असते. साडीच्या वाटेला सुरुवातीला जाऊ नका. पैसा अडकतो, आणि किमतीत सुरतशी स्पर्धा होणं शक्य नाही.

पायरी ३: कापसाकडे जा

इथे सगळ्यात जास्त वेळ द्या, कारण खान्देशाचं बळ इथेच आहे.

सेंद्रिय कापूस म्हणताच पहिला अडसर येतो बियाण्याचा. २००२ साली देशात बीटी कापसाला परवानगी मिळाली आणि काही वर्षांत जवळपास सगळं क्षेत्र त्याखाली गेलं. सेंद्रिय प्रमाणपत्रात जनुकीय बदल केलेलं बियाणं अजिबात चालत नाही. त्यामुळे शेतकऱ्याने खत-औषध सगळं बंद केलं, पण बियाणं बीटी राहिलं, तर तो कापूस सेंद्रिय ठरत नाही. बिगर-बीटी सरळ वाण किंवा देशी कपाशीचं बियाणं मिळवायचं तर कृषी विद्यापीठाच्या जळगावच्या संशोधन केंद्राकडे किंवा नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेकडे हंगामाच्या पुष्कळ आधी चौकशी करावी लागते. एप्रिलमध्ये दुकानात जाऊन ते मिळत नाही.

शिवाय शेत सेंद्रियात आणायला वार्षिक पिकासाठी दोन वर्षांचा रूपांतर काळ लागतो. निर्यातीच्या मालाला एनपीओपीचं (राष्ट्रीय सेंद्रिय उत्पादन कार्यक्रमाचं) प्रमाणपत्र लागतं आणि त्याचा खर्च लहान शेतकऱ्याला एकट्याने पेलत नाही. देशातल्या बाजारासाठी पीजीएस-इंडिया ही सोपी वाट आहे. यात किमान पाच शेतकऱ्यांचा स्थानिक गट एकमेकांच्या शेतांची पाहणी करून हमी देतो. गावात पाच जण तयार असतील तर आजच गट नोंदवा, कापड दोन वर्षांनी विणलं तरी चालेल.

तोवर काय करायचं? 'सेंद्रिय' हा शब्द न वापरता 'कमी फवारणीचा, स्वच्छ वेचलेला' कापूस मिळवा. तो मिळवणं आपल्या हातात आहे. शेतकऱ्याशी हंगामाआधी बोलून पुढच्या गोष्टी ठरवा.

फवारणी वेळापत्रकावर नको, पाहणीवर हवी. गुलाबी बोंडअळीसाठी हेक्टरी ५ कामगंध सापळे (मादीच्या वासाने नर पतंग ओढणारे) लावायचे आणि रोज सकाळी पतंग मोजायचे. सलग तीन रात्री एका सापळ्यात ८ किंवा जास्त पतंग सापडले, किंवा १० टक्के फुलं-बोंडं किडलेली दिसली, तरच फवारणी. त्याआधी ५ टक्के निंबोळी अर्क. डिसेंबर संपता संपता पऱ्हाटी (कपाशीची झाडं) शेतातून बाहेर काढायची, फरदड (हंगाम संपल्यावरही पीक उभं ठेवून घेतलेला जादा कापूस) घ्यायची नाही. फरदडीच्या दोन क्विंटल कापसापायी अळीला पुढच्या हंगामापर्यंत घर मिळतं. २०१७ साली बोंडअळीने महाराष्ट्रात केलेलं नुकसान ज्यांनी सोसलं त्यांना हे वेगळं सांगायला नको, पण जानेवारीत दोन पैसे दिसले की मोह होतो. म्हणूनच खरेदीदाराने आधी शब्द द्यावा, की पहिल्या तीन वेचण्यांचा स्वच्छ कापूस जास्त भावाने घेईन. मग फरदडीची गरज उरत नाही.

आता वेचणी. कापडातला सगळ्यात चीड आणणारा दोष इथे तयार होतो. वेचणाऱ्या बायका कमरेला खताच्या गोणीची झोळी बांधतात. ती गोणी पॉलिप्रॉपिलीनची असते. उन्हाने तिचे पांढरे तंतू सुटतात आणि कापसात मिसळतात. कापूसही पांढरा, तंतूही पांढरा, त्यामुळे जिनिंगमध्ये कुणाला दिसत नाही. सूत कातलं जातं, कापड विणलं जातं, आणि कापड निळ्या रंगात बुडवलं की जागोजाग पांढऱ्या रेघा उठतात, कारण हा तंतू रंग घेत नाही. अख्खा तागा बाद होतो. केस, सुतळी, गुटख्याच्या पुड्या यांचंही तेच.

यावरचा उपाय अगदी स्वस्त आहे. सुती कापडाच्या झोळ्या शिवून द्या आणि डोक्याला सुती फडकं बांधायला द्या. झोळ्या तर तुमच्याच शिलाई गटाला पहिलं काम म्हणून देता येतील. दव उडाल्यावर, दहाच्या पुढे वेचणी सुरू करायची. ओला कापूस वेचून ढिगात टाकला की पिवळा पडतो. किडका, कवडीचा कापूस वेगळ्या झोळीत. घरात साठवताना सिमेंटच्या फरशीवर सुती चादर, वर चादरच, ताडपत्री नको. असा कापूस वेचायला वेळ जास्त लागतो, म्हणून वेचणीचा दर किलोमागे वाढवून द्यावा लागेल. तो वाढीव दर हिशेबात आत्ताच धरा. शाश्वत कपड्याच्या गोष्टी करायच्या आणि वेचणारीची मजुरी जुनीच ठेवायची, हे मला मान्य नाही.

पायरी ४: सूत आणि विणकाम

खरी अडचण इथे येते, ती आधीच माहीत असावी. एक क्विंटल कापसातून ३४ किलोच्या आसपास रुई निघते, कापड होईपर्यंत २८ किलो उरतं, म्हणजे ऐंशीएक कुर्ते. एक गाठ बांधायलाच पाच क्विंटल कापूस लागतो. आणि सूतगिरणी एका वेळी कितीतरी गाठी मिसळून चालते. धुळ्याजवळ मोराण्याची असो, शिरपूर तालुक्यातली तांड्याची असो की शहाद्याची, कुठल्याही सहकारी सूतगिरणीला तुमच्या एका गाठीचं वेगळं सूत काढणं परवडणारं नाही.

तीन मार्ग राहतात. पहिला, पाच-दहा गटांनी मिळून ट्रकभर स्वच्छ कापूस जमवायचा आणि गिरणीशी वेगळ्या लॉटची बोलणी करायची. हा तिसऱ्या-चौथ्या वर्षाचा मार्ग. दुसरा, प्रमाणित सेंद्रिय सूत विकत आणायचं आणि प्रत्येक खेपेसोबत व्यवहाराचं प्रमाणपत्र मागून घ्यायचं. गिरणीच्या भिंतीवर लावलेल्या प्रमाणपत्राचा फोटो उपयोगाचा नाही, तुमच्या लॉटचा कागद हवा. तिसरा, खादी. अंबर चरख्यावर थोड्या कापसाचंही सूत निघतं आणि हातमागावर थोडं कापडही विणता येतं. वर्ध्याच्या महात्मा गांधी ग्रामीण औद्योगिकीकरण संस्थेत खादी आणि नैसर्गिक रंगाचं प्रशिक्षण मिळतं, दोघी-तिघींना तिथे जरूर पाठवा. १९३६ च्या डिसेंबरात फैजपूरला काँग्रेसचं खेड्यातलं पहिलं अधिवेशन झालं, तेव्हा गांधीजींनी तिथे खादी-ग्रामोद्योगाच्या प्रदर्शनाचं उद्घाटन केलं होतं. ज्या तालुक्यात ते भरलं तिथे आज सुती हातकापड विकत घ्यायला शोधावं लागतं, याची मला खंत वाटते. एक ध्यानात ठेवा: 'खादी' हे नाव लावून विकायचं तर २०१३ च्या खादी मार्क नियमांप्रमाणे नोंदणी लागते. हाताने कातलेलं आणि हाताने विणलेलं, दोन्ही असेल तरच ती खादी.

यंत्रमागाचं कापड हवं असेल तर मालेगाव जवळ आहे, धुळ्यातही माग आहेत. तिथे कोरं कापड सांगताना तीन आकडे स्पष्ट सांगा: सुताचा काउंट (जितका मोठा तितकं सूत बारीक), इंचाला उभे-आडवे धागे किती, आणि पन्हा. कुर्त्याला ४० काउंटचं ताणा-बाणा दोन्ही सुती कापड चांगलं बसतं. मागवाल त्या तागातला एक मीटर घरी आणा, त्यावर ५० सेंटिमीटरचा चौकोन पेनाने आखा, तीनदा धुऊन वाळवा आणि परत मोजा. चौकोन ४७ वर आला तर आट ६ टक्के. मग कापड शिवण्याआधी भिजवून आटवूनच घ्यायचं. गिऱ्हाइकाच्या घरी पहिल्या धुण्यात आटलेला कुर्ता आठवडाभरात कपाटाच्या तळाशी जातो. मग तो कितीही सेंद्रिय असो, त्यामागचं सगळं पाणी आणि श्रम वायाच गेले.

पायरी ५: रंग

पहिल्या लॉटला रंगच देऊ नका, असं मी सांगेन. धुतलेलं, नैसर्गिक पांढुरकं कापड आणि त्यावर साधं भरतकाम किंवा रंगीत पाइपिंग. पाणी वाचतं, शिकण्याचा एक डोंगर टळतो आणि झबल्याला तर तेच उत्तम.

तयार रंगीत कापड घेत असाल तर रंगाऱ्याकडून लिहून घ्या की त्यात बंदी असलेले अझो रंग नाहीत. भारतात असे ११२ रंग १९९० च्या दशकातच बंद झाले आहेत. दुसरा प्रश्न, रंगाचं सांडपाणी कुठे जातं? सुतावरच्या रिअ‍ॅक्टिव्ह रंगांना मीठ भरपूर लागतं आणि सगळा रंग कापडावर बसत नाही, उरलेला रंग-मीठ पाण्यासोबत बाहेर पडतो. ज्याच्याकडे सांडपाणी प्रक्रियेची सोय आहे, त्याच्याकडूनच रंगवून घ्या, थोडं महाग पडलं तरी.

घरच्या घरी नैसर्गिक रंग करायचा तर कांद्याच्या सालीपासून सुरू करा. साक्री-धुळे भागात कांदा चाळींतून आणि भजीवाल्यांकडून साल फुकट मिळते. एक किलो कोरड्या कापडासाठी रीत अशी.

कापड रात्रभर साध्या पाण्यात भिजवा, म्हणजे खळ सुटेल. सकाळी पंधरा-वीस लिटर पाण्यात ३० ते ४० ग्रॅम धुण्याचा सोडा घालून तासभर उकळा. पाणी पिवळं-तपकिरी होईल. तो मेण आणि मळ आहे, तो निघाला नाही तर रंग डागडाग बसतो. स्वच्छ धुवा. पाण्याचा थेंब टाकला की कापडाने तो लगेच शोषला पाहिजे.

१५० ग्रॅम हिरडा पूड रात्रभर भिजवून गाळा. त्या पाण्यात कापड दोन तास बुडवून, पिळून, न धुता वाळवा. मग १२० ते १५० ग्रॅम तुरटी गरम पाण्यात पूर्ण विरघळवून त्यात कापड दोन तास फिरवा, रात्रभर तसंच ठेवा, दुसऱ्या दिवशी पिळून वाळवा आणि हलकं खळबळून घ्या. कापूस स्वतःहून नैसर्गिक रंग धरत नाही, हिरडा आणि तुरटी मिळून रंगाला पकड देतात. ही पायरी गाळली की पहिल्याच धुण्यात रंग जातो.

आता अर्धा ते एक किलो कोरडी साल तासभर उकळून गाळा. कापड त्यात घालून उकळी न आणता, वाफ येत राहील इतक्या आचेवर पाऊण तास हलवत राहा आणि त्याच पाण्यात थंड होऊ द्या. सोनेरी पिवळा ते गंजकट असा रंग येतो. सावलीत वाळवा. सालीऐवजी डाळिंबाची साल घेतली तर मातकट पिवळा येतो. हिरड्याचं कापड लोखंडाच्या पाण्यात बुडवलं तर करडा-काळा. लोखंडाचं पाणी गंजके खिळे, गूळ आणि पाणी दोन आठवडे आंबवून करतात, पण ते अगदी थोडं वापरा. लोखंड जास्त झालं की सूत कुजकं होतं.

पळसाची फुलं आणि हळद सगळ्यांना मोहात पाडतात. सातपुड्यात फाल्गुनात पळस फुलला की मलाही तो रंग कापडावर हवासा वाटतो. पण दोन्ही रंग उन्हात उडतात. विकायच्या मालात घेऊ नका. आणि मोरचूद किंवा बायक्रोमेट वापरून रंग पक्का करायचा सल्ला कुणी दिला तर साफ नाही म्हणा. विषारी मीठ वापरून केलेला रंग नैसर्गिक राहत नाही.

तुरटीचं पाणी टाकून न देता अर्धी तुरटी वाढवून पुन्हा वापरा. शेवटी चुन्याची निवळी घालून गाळ खाली बसू द्या आणि वरचं पाणीच सोडा, तेही विहिरीपासून दूर. पक्केपणा तपासायला रंगीत पट्टी घ्या, अर्धी पुठ्ठ्याने झाका आणि आठवडाभर गच्चीवर ठेवा. जळगावच्या मे महिन्यातल्या उन्हात टिकला तो रंग कुठेही टिकेल.

पायरी ६: बेतणं आणि शिवणं

कापड उद्योगात कटिंगमध्येच सुमारे १० ते १५ टक्के कापड कातरण म्हणून जातं. आपल्याला ते पाचाच्या आत आणता येतं, कारण आपला जुना पारंपरिक कुर्ता मुळात चौकोन-आयतांतून बेतलेला आहे: सरळ अंग, बाजूच्या कळ्या, बगलेत चौकोनी तुकडा. हा बेत जुन्या शिंप्यांना तोंडपाठ असतो. त्यांना बोलवा, मानधन द्या, कागदावर उतरवून घ्या. पन्ह्याप्रमाणे कापडावर सगळे भाग आधी मांडून बघा आणि मगच कात्री लावा.

शिवताना बाजूंना एक इंच माया सोडा. कपडा अंगाला घट्ट झाला की उसवून सैल करता आला पाहिजे. रेडीमेडमध्ये माया नसते, म्हणून तो टाकावा लागतो. बगल, खिशाचं तोंड आणि कुर्त्याच्या बाजूच्या चिरांची टोकं इथे दुहेरी शिलाई. दोरा सुतीच हवा असा हट्ट कपड्याच्या मजबुतीपेक्षा मोठा नाही, पण बटणं नारळाच्या करवंटीची किंवा कापडाची घ्या. आतल्या बाजूला एक जादा बटण टाकून द्या.

शिलाईचा दर नगावर असला तरी तो तासावरून काढा. कुर्त्याला अडीच तास लागत असतील, तर राज्याच्या किमान वेतनाच्या तासाच्या दराने अडीच तासांचे पैसे ही खालची मर्यादा. ढाक्याजवळ राणा प्लाझा २४ एप्रिल २०१३ रोजी कोसळली आणि त्यात १,१३४ माणसं दगावली, ती स्वस्त कपड्यांच्या घाईपायी. घरात शिवणाऱ्या बाईच्या पाठीचं, डोळ्यांचं दुखणं बातमीत येत नाही. पण तिलाही पुरेसा उजेड, टेकायला खुर्ची आणि वेळेवर पैसे लागतात.

पायरी ७: किंमत

समजा, कापड ४००, धुणं-रंग ६०, शिलाई २००, दोरा-बटण-लेबल २५, खराब होणाऱ्या मालासाठी ३५, वाहतूक-बांधणी ३०. उत्पादन खर्च झाला ७५०. त्यावर गटाचा आणि दुकानाचा नफा मिळून ३०० धरले तर १,०५०, वर जीएसटी. २२ सप्टेंबर २०२५ पासून २,५०० रुपयांपर्यंतच्या कपड्यांना ५ टक्के जीएसटी आहे. हे आकडे मांडणीपुरते आहेत, तुमचे तुम्ही भरा. पण प्रत्येक ओळ भरा. बचत गटांच्या हिशेबात स्वतःच्या श्रमाची ओळ कोरी सोडायची सवय असते, ती मोडा.

हजाराचा कुर्ता गावात खपेल का? रोज नाही खपणार. त्यासाठी कापड आणि माप तेच ठेवून, रंग न दिलेला, साध्या गळ्याचा एक स्वस्त प्रकार असू द्या. शिलाईचा दर मात्र त्यातही कमी करू नका.

पायरी ८: लेबल

चार ओळी पुरेत: कशाचं कापड, कुठे विणलं, कुठल्या गावात शिवलं, कसं धुवायचं. 'इको-फ्रेंडली', 'ग्रीन', 'शंभर टक्के नैसर्गिक' असले मोघम शब्द नकोत. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२४ मध्ये ग्रीनवॉशिंगविरोधात मार्गदर्शक तत्त्वं काढली आहेत आणि अशा दाव्याला पुरावा लागतो. परदेशी गिऱ्हाइकाला जीओटीएसचं (सेंद्रिय कापडाच्या आंतरराष्ट्रीय मानकाचं) लेबल हवं असतं. त्यात 'सेंद्रिय' म्हणायला किमान ९५ टक्के प्रमाणित सेंद्रिय तंतू लागतात, आणि जिनिंगपासून शिलाईपर्यंतची साखळी प्रमाणित लागते. सुरुवातीला त्यामागे धावू नका. शंका असेल तेव्हा मुंबईच्या वस्त्रोद्योग समितीच्या प्रयोगशाळेतून कापड तपासून घ्या आणि तो अहवाल दुकानात लावा.

पायरी ९: जुना कपडा परत घ्या

बोहारीण दारोदार जाऊन जुने कपडे घेते आणि स्टीलचं भांडं देते. कपड्यांच्या पुनर्वापराचं हे काम ती पिढ्यान्पिढ्या करत आली आहे. तिच्याशी बोलणी करा. तिला योग्य भाव देऊन सुती साड्या वेगळ्या काढून द्यायला सांगा, तुमच्या गटाला गोधडीसाठी तोच माल लागतो.

गोधडीत पॉलिएस्टरची साडी मिसळू नका. ती घाम शोषत नाही, थर सरकतात, धावदोरा ओढला जातो आणि दोन धुण्यांत गोळे होतात. आतल्या थरांना विरलेल्या सुती साड्या आणि धोतरं, वरच्या थराला मजबूत पातळ (साडी), आणि कातरणीच्या तुकड्यांचे ठिगळ-नक्षीकाम. टाका जवळ जवळ घाला, पाव इंचाच्या आत. बाळंतविड्यासाठी लहान गोधडीला मागणी चांगली असते आणि तिची किंमत तासांवर लावली तर करणारीला खरा मोबदला मिळतो. जगभरात कपड्यांपासून पुन्हा कपडे होण्याचं प्रमाण एक टक्क्याच्याही खाली आहे, म्हणून आहे तो कपडा जास्त दिवस वापरात ठेवणं हेच सगळ्यात मोठं काम. दुकानात आठवड्यातून एक दिवस दुरुस्तीचा ठेवा: रफू, उसवण, चेन, बटण. विकलेल्या कुर्त्याची पहिल्या वर्षीची दुरुस्ती फुकट करा.

केळीच्या धाग्याबद्दल हमखास विचारणा होते, म्हणून दोन शब्द. रावेर, यावल, चोपडा भागात घड कापल्यावर खोडं बांधावर पडतात आणि यंत्राने त्यातून धागा निघतो. तो मजबूत पण ताठ असतो. दोरी, चटई, पिशवी, कागद यांना उत्तम. अंगावरच्या कपड्यासाठी त्याला मऊ करावं लागतं आणि कापसात मिसळावं लागतं, ते काम लहान गटाच्या आवाक्यातलं नाही. तुमच्या कुर्त्यासाठी केळीच्या दोरीची बांधणी आणि केळीच्या कागदाचं लेबल, इतकं आधी करा.

वर्षाचं वेळापत्रक

जानेवारी-फेब्रुवारीत शेतकऱ्यांशी आणि बियाण्यासाठी बोलणी, शिंप्याकडून बेत उतरवून घेणं. मार्चमध्ये पन्नास कुर्त्यांचं कापड आणून आटवणं आणि शिवणं. आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) पंधरा दिवस आधी माल विकायला बाहेर, कारण माहेरी आलेल्या लेकींची खरेदी तेव्हाच होते. जूनमध्ये पेरणी होताच झोळ्या शिवायला घ्या. श्रावणात कानबाईच्या सणाला दुसरी खेप, यात रंगीत कापड आणता येईल. ऑक्टोबरमध्ये वेचणी सुरू होण्याआधी झोळ्या आणि फडकी शेतावर पोचवा, वेचणीचा वाढीव दर बायकांना समोर बसवून सांगा. डिसेंबरात हिशेबाची वही उघडून पन्नासांपैकी किती कुर्ते विकले, किती दुरुस्तीला आले, कुठली शिलाई उसवली हे बघा आणि जानेवारीच्या बोलणीला ते पान सोबत न्या.